आमची वाटचाल : टोपरं, कुंची आणि बायकांचे हात

पुण्यात आमचं छोटंसं काम आहे, हाताने विणलेल्या बाळंतविड्याचं. टोपरं, कुंची, स्वेटर, पायमोजे, दुपटं आणि कुणाला हवी असेल तर गोधडी. गिऱ्हाईक बहुतेक आजी-आजोबा. त्यातले बरेचसे लेकीच्या नाहीतर सुनेच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघालेले असतात आणि आमची आठवण त्यांना बॅगा भरायला घेतल्यावर होते.

विणकाम मी आईकडून शिकले. आमच्या लहानपणी स्वेटर सहसा टाकून देत नसत. आखूड झाला की आई तो उसवायची. उसवलेली लोकर कुरळी निघते, तशीच विणली तर टाके वेडेवाकडे दिसतात. म्हणून तिची लडी करायची, धुवायची आणि खाली वजन अडकवून वाळत टाकायची. धाकट्याचा स्वेटर हा असा थोरल्याच्या स्वेटरमधून यायचा. पुढे थंडी पडली की रस्त्याकडेला तिबेटी लोकांची स्वेटरची दुकानं लागायला लागली, लुधियानाचा मशीनचा माल स्वस्तात मिळायला लागला आणि घरोघरच्या सुया माळ्यावर गेल्या. मी मात्र विणत राहिले. टीव्ही बघताना, गप्पा मारताना, दवाखान्यात नंबर लागेपर्यंत. हात रिकामा असला की मला चुकल्याचुकल्यासारखं होतं.

व्यवसाय ठरवून काढला नाही. नात्यातल्या बाळांसाठी विणलेलं शेजारणीला आवडलं, तिने मागितलं, मग एका प्रदर्शनात टेबल मांडलं. मागणी वाढली तशा बरोबरीला आणखी बायका घेतल्या. कुणी कोथरूडच्या, कुणी सिंहगड रोडच्या; सगळ्या आपापल्या घरी बसून विणतात. तिथून खरी परीक्षा सुरू झाली, कारण लोकर तीच, सुई तीच आणि नमुना तोच दिला तरी प्रत्येकीचा हात वेगळा. कुणाचा घट्ट, कुणाचा सैल.

मध्यम जाडीची लोकर आठ नंबरच्या, म्हणजे चार मिलिमीटरच्या सुईवर विणली तर साधारण दहा सेंटिमीटरला बावीस टाके बसतात. घट्ट हाताच्या बाईचे चोवीस बसतात. दोनच टाक्यांचा फरक, पण छप्पन टाक्यांची पाठ दोन सेंटिमीटरने अरुंद होते. पुढची बाजू धरली की स्वेटर चार सेंटिमीटरने तंग. तीन महिन्यांच्या बाळाला चार सेंटिमीटर म्हणजे हात आत जाणारच नाही. म्हणून आमच्याकडे नवीन येणारी प्रत्येक जण आधी एक चौकोन विणून देते आणि तिच्या हातानुसार आम्ही सुई ठरवतो. घट्ट हाताला सात नंबर, सैल हाताला नऊ. (आपल्याकडे सुईचा नंबर वाढला की सुई बारीक होते, अमेरिकेत उलटं. मुली तिकडून नमुने पाठवतात तेव्हा हे आधी तपासावं लागतं.) आणि एक नियम कधीच मोडत नाही : जोडीचे दोन्ही मोजे एकाच हातचे हवेत.

लोकर बोहरी आळीतून आणतो. बाजारात जिला सरसकट लोकर म्हणतात ती बहुतेक अॅक्रिलिक असते. ती वाईट नाही, मशीनमध्ये धुता येते. पण तिच्यावर गरम इस्त्री फिरवली की ती मरते, लोळागोळा होते, परत उभी राहत नाही. खऱ्या लोकरीचं दुखणं निराळं, गरम पाण्यात घोळली की आटून जाडजूड होते. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर मला फार आवडते, पण ती खरखरीत. ताण्याला चिंचोक्याची खळ लावून विणलेलं घोंगडं तिचं खरं रूप. बाळाच्या अंगाला ती कशी चालणार? पुण्याच्या बाळांना मी सुती दोराच सुचवते. जाळीदार नमुन्यांना तर सरळ नाही म्हणते, कितीही सुंदर दिसोत. बाळाची बोटं त्यात अडकतात.

भावाबद्दल रोज ऐकावं लागतं. ‘तुळशीबागेत यापेक्षा स्वस्त मिळतं.’ मिळतं ना, मशीनचं मिळतं. हातविणीचा तासाचा हिशोब मांडला तर गिऱ्हाईक दारातूनच परत जाईल, हे मलाही कळतं. म्हणून आम्ही नगावर मजुरी देतो आणि माल विकला जायची वाट न बघता काम हातात आल्याआल्या देतो. विकायची काळजी माझी, विणणारीची नाही. यामुळे आमचा नफा बेताचाच राहतो. पण चांगला हात एकदा दुसरीकडे गेला की परत येत नाही.

अलीकडे क्रोशाला मागणी आहे. कॉलेजच्या मुली मोबाइलवर बघून प्राणी विणतात, आमच्याकडे सुया बघायला येतात आणि मोज्याची टाच कशी वळवायची ते विचारतात. टाच शिकवायला मला केव्हाही आवडतं, ओळी मध्येच थांबवून उलटं फिरायचं असतं आणि पहिल्यांदा कुणालाच ते पटत नाही.

गोधडीचं काम गेल्या काही वर्षांत वाढलं. लोक आजीची नऊवारी घेऊन येतात. सुती लुगडं असेल तर उत्तमच, धुऊन धुऊन ते इतकं मऊ झालेलं असतं की नव्या कापडाला ती सर येत नाही. कडेने सुरुवात करून धावदोरा घालत घालत मधोमध यायचं. जरीकाठाचं काय करायचं यावरून मात्र घराघरात वाद होतात. मी म्हणते, काढून ठेवा, जर बाळाला टोचते. मागच्या आठवड्यात एक आजी ऐकेचनात, काठ हवाच म्हणाल्या. शेवटी तो गोधडीच्या उलट्या बाजूला, अस्तराखाली घालून दिला.