मार्सेयचा तारो: खेळातला पत्ता भविष्य कसं सांगू लागला

फ्रान्समध्ये दुकानात जाऊन नुसतं 'तारो द्या' म्हटलं, तर बहुतेक वेळा हातात खेळायचे पत्ते पडतात. (आपण टॅरो म्हणतो, इथे तारो.) तेही ७८च असतात, पण त्यांवर आपले नेहमीचे बदाम, इस्पिक, किलवर, चौकट असतात आणि हुकमाच्या पत्त्यांवर मोठे आकडे. चार जण जमले की संध्याकाळी रंगणारा हा खेळ आहे. भविष्यासाठी लागतो तो 'तारो द मार्सेय', आणि तो पूर्ण नावानेच मागावा लागतो. खोक्यावर काठ्या, पेले, तलवारी आणि नाणी दिसली तर कॅट बरोबर आहे असं समजा.

खरं तर दोन्ही कॅट एकाच घरातले. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत हा खेळ म्हणूनच जन्मला, आणि १५०० च्या सुमारास मिलानच्या लढायांमुळे फ्रेंचांच्या हाती आला. आपल्या सावंतवाडीच्या गंजिफ्यावर दशावतार असतात म्हणून तो काही पूजेचा नसतो, डाव मांडायचाच असतो. तसंच इथेही होतं. पोप, सैतान, सूर्य, मृत्यू हे सगळे हुकमाचे पत्ते होते.

मग १७८१ साली आंत्वान कूर द जेबलँ या विद्वानाने आपल्या ग्रंथमालेच्या आठव्या खंडात जाहीर केलं की हे पत्ते म्हणजे प्राचीन इजिप्तच्या पुरोहितांचं गुप्त ज्ञान आहे. तेव्हा इजिप्तची चित्रलिपी कुणालाच वाचता येत नव्हती, त्यामुळे खोडून काढणार कोण? १८२२ मध्ये फ्रेंच अभ्यासक शांपोलियोंने ती उलगडली आणि तिच्यात तारोचा मागमूसही सापडला नाही. तोवर कल्पना मात्र रुजली होती. एतेया नावाने प्रसिद्ध असलेला झाँ-बातिस्त आलिएत आधी ३२ पत्त्यांच्या साध्या कॅटवर भविष्य सांगायचा. त्याने १७८५ मध्ये तारोवर पुस्तक लिहिलं आणि पुढे भविष्यासाठीच बनवलेला वेगळा कॅटही काढला.

नावातलं मार्सेयही जन्मगावाचं नाही. पत्ते छापणाऱ्या झाँ नोब्लेचा १६५० च्या सुमाराचा कॅट पॅरिसचा, झाँ दोदालचा लिओंचा. मार्सेय हे अठराव्या शतकात पत्ते छापण्याचं मोठं केंद्र होतं, आणि तिथल्या निकोला काँव्हेरचा १७६० साल कोरलेला साचा पुढे प्रमाण मानला गेला. 'मार्सेयचा तारो' हे नाव घराघरात पोहोचलं ते १९३० मध्ये ग्रिमो कंपनीसाठी पोल मार्तोने काढलेल्या आवृत्तीमुळे. जुना पत्ता हाती आला तर दोन नाण्यांचा पत्ता बघा. त्यावरच्या फितीत छापणाऱ्याचं नाव असतं, कधी सालही. पण ते साल साच्याचं असतं. लाकडी ठोकळे पिढ्यान्‌पिढ्या वापरले जात, म्हणून त्या सालावर भुलून जास्त पैसे मोजू नका.

महाराष्ट्रात टॅरो शिकलेले बहुतेक जण १९०९ चा लंडनचा रायडर-वेट कॅट वापरतात. त्यात प्रत्येक पत्त्यावर प्रसंग रंगवलेला असतो. मार्सेयमध्ये ती सोय नाही. पाच तलवारींवर फक्त पाच तलवारी. इथेच नवशिके अडखळतात, कारण तलवारी आणि काठ्या सारख्याच वाटतात. खूण सोपी आहे: काठ्या सरळ असतात आणि मधोमध एकमेकींना छेदतात, तर तलवारी कमानीसारख्या वाकून मध्ये लांबट गोल पोकळी करतात. विषम आकडा असेल तर मधोमध एक सरळ उभी असते. नाण्यांवर आकडे छापलेले नसतात, मोजावेच लागतात. बाकीच्यांवर रोमन आकडे असतात, पण चार म्हणजे IV नाही, तर चार उभ्या रेघा, IIII. न्याय आठवा आणि शक्ती अकरावी. लंडनच्या कॅटमध्ये याच दोघी जागा बदलतात. पुस्तक एका कॅटचं आणि पत्ते दुसऱ्याचे घेतले की सगळा अर्थ इथेच चुकतो.

तेराव्या पत्त्यावर सांगाडा कोयत्याने शेत कापतोय, आणि बहुतेक कॅटांत खाली नावाची पट्टीच नसते. त्याला 'बिननावाचा पत्ता' म्हणतात. नोब्लेने मात्र 'ला मोर' म्हणजे मृत्यू असं सरळ छापलंय. जाणकार तो पत्ता मरणाचा न मानता नको ते छाटून टाकण्याचा मानतात, आणि चित्र पाहिलं की ते पटतं.

सुरुवातीला फक्त २२ मोठे पत्ते, म्हणजे हुकमाचे आणि त्यांच्या जोडीचा भटका, घ्यावेत. फ्रान्समध्ये रूढ असलेली मांडणी म्हणजे क्रूस. ती ओस्वाल्ड विर्थ या गूढविद्येच्या अभ्यासकाने लोकांपुढे आणली. पत्ते पिसा, डाव्या हाताने काटा, चार काढा. पहिला डावीकडे: काय बाजूने आहे. दुसरा उजवीकडे: काय आड येतंय. तिसरा वर: काय करावं. चौथा खाली: शेवट कुठे जाईल. आता चारही आकड्यांची बेरीज करा. ती २२ च्या वर गेली तर तिचे अंक पुन्हा मिळवा. येईल त्या आकड्याचा पत्ता पाचवा म्हणून मध्यभागी ठेवायचा. समजा रथ ७, उलटा टांगलेला १२, न्याय ८, तारा १७ आले. बेरीज ४४, म्हणजे ८. मध्यभागी न्याय यायला हवा, पण तो तर आधीच वर बसलाय. अशा वेळी नवा पत्ता काढायचा नसतो. वरच्याच न्यायाचा दुप्पट विचार करायचा. 'ल मा' या भटक्यावर आकडा नसतो. तो २२ धरायचा की शून्य, हे पत्ते पिसण्याआधी ठरवा. नंतर ठरवलं की मन सोयीचं उत्तर निवडतं.

या कॅटचा खरा गोडवा नजरांमध्ये आहे. भटका उजवीकडे चालतो, एकांडा साधू डावीकडे कंदील धरतो, न्याय सरळ तुमच्या डोळ्यात बघतो. भटक्याच्या उजवीकडे जो पत्ता येईल तिकडे त्याची वाट. तिथे काही नसेल तर तो मांडणीतून बाहेर निघालाय. उत्तर पाठांतरातून येत नाही, पत्त्यांच्या शेजारातून येतं. म्हणून तर इतक्या पिढ्या लोक यात रमले.

पैसे घेऊन भविष्य सांगणं १९९४ पर्यंत फ्रेंच दंडसंहितेनुसार गुन्हा होता. आता नाही, पण फसवणूक आजही गुन्हाच आहे. बसण्याआधी दर विचारा. मधेच 'बाधा काढायला' जादा रक्कम मागितली तर उठून या. पॅरिसला आलात तर मेट्रो १२ ने शेवटच्या टोकाला, मेरी दिसीला उतरा. इसी-ले-मुलिनोचं पत्त्यांचं संग्रहालय तिथून जवळ आहे. तिथे जुन्या पत्त्यांवर साच्यातून फासलेला रंग रेघेबाहेर सांडलेला दिसतो: गालाचा लाल कानापर्यंत, झग्याचा निळा पार जमिनीवर.