हातचे चौदा: फॅट-32 बनवणारं टूल दुरुस्त करताना

64 जीबीचं कार्ड आमच्या टूलने फॉरमॅट केलं की 3.6 जीबी दाखवायचं. टूलची स्वतःची काहीच तक्रार नसे. काम संपलं की ‘पूर्ण’ लिहून मोकळं.

भोसरीतल्या एका लहान कारखान्यात आम्ही गाड्यांत बसवायचे रेकॉर्डर बनवतो. रेकॉर्डरला फक्त फॅट-32 (कार्डवर फाइली मांडायची एक जुनी पद्धत) समजतं, त्यामुळे प्रत्येक मेमरी कार्ड पॅकिंगआधी आमच्या टूलखालून जातं. टूल सी भाषेतलं, जुनं. इतकी वर्षं 2 आणि 4 जीबीची कार्डं पुरत होती. यंदा 64 ची मागणी आली आणि काम माझ्याकडे आलं.

आमच्या सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, “फॅट-32 ची मर्यादाच 32 जीबी आहे. वेळ घालवू नकोस.” मीही तसंच ऐकत आलो होतो. तरी मायक्रोसॉफ्टचा फॅटवरचा दस्तऐवज उघडला. कार्डवरची जागा सेक्टर नावाच्या छोट्या तुकड्यांत मोजतात. एकूण सेक्टर किती, हे पहिल्याच सेक्टरमध्ये 32 बिटांच्या रकान्यात लिहायचं असतं. 512 बाइटचा सेक्टर धरला तर मर्यादा येते 2 टीबी, त्यात एक सेक्टर कमी. मग 32 जीबी कुठून आलं? विंडोजच्या फॉरमॅटच्या खिडकीने वर्षानुवर्षं त्यापुढे फॅट-32 चा पर्यायच दिला नाही, आणि एसडी कार्डांच्या मानकातही 32 जीबीवरची कार्डं एक्सफॅट या फॅटच्या नव्या भावंडात येतात. म्हणजे ती मर्यादा फॅटची नव्हतीच. सरांना ते पान दाखवलं. त्यांनी शांतपणे दोनदा वाचलं आणि म्हणाले, “बघ मग.”

आता 3.6 चा शोध. कोड वाचण्याआधी कागद-पेन घेतलं. कार्डवर सेक्टर होते 12,50,00,000, म्हणजे 64 अब्ज बाइट. 32 बिटांत मावतात 4,29,49,67,296 वेगवेगळे आकडे. 64 अब्जांतून एवढे चौदा वेळा वजा केले की उरतात 3,87,04,57,856. तेच आमचे 3.6 जीबी! शाळेत बेरीज करताना हातचा धरतो ना, इथे हातचे चौदा होते आणि ते धरायला जागाच नव्हती. कर्नलने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने, सेक्टरची संख्या बरोबर दिली होती. टूलने तिला 512 ने गुणून बाइट काढले आणि पुढचा सगळा हिशेब त्या बाइटांवर केला.

ओळ सापडली. डावीकडचा व्हेरिएबल 64 बिटांचा केला, कंपाइल केलं, कार्ड घातलं. पुन्हा 3.6. इथे माझे जवळजवळ दोन तास गेले. गुणाकारातल्या दोन्ही संख्या 32 बिटांच्या असतील तर सी तो गुणाकार 32 बिटांतच करतं आणि उत्तर नंतर मोठ्या डब्यात ठेवतं. हातचे तोवर सांडलेले असतात. गुणाकाराच्या आधीच एक संख्या 64 बिटांची करावी लागते. तेवढं केलं आणि आकडा सुधारला. पाठोपाठ दुसरी गोष्ट: कारखान्यातला पीसी 32 बिटांचा. तिथे फाइलमधली जागा सांगणारा प्रकारही 32 बिटांचाच राहतो, त्यामुळे कंपाइल करताना तो 64 चा करायला सांगावं लागलं.

पुढची चूक मात्र मीच केली. फाइलींना जागा क्लस्टरने, म्हणजे सेक्टरांच्या गठ्ठ्याने, दिली जाते. क्लस्टरच्या आकाराचा तक्ता जुना होता, सगळ्यांना 4 केबी द्यायचा. 64 जीबीवर तसं केलं तर दीड कोटीहून जास्त क्लस्टर होतात आणि फॅटची, म्हणजे क्लस्टरांच्या नोंदी ठेवणाऱ्या यादीची, एकेक प्रत 62 एमबीची. म्हणून मी सरसकट 32 केबी केलं. मोठं कार्ड छान चाललं, पण 2 जीबीचं जुनं कार्ड रेकॉर्डरने नाकारलं. कारण दस्तऐवजातच होतं: प्रकार ठरतो तो क्लस्टरच्या संख्येवरून. आत ‘फॅट-32’ असं लिहिलेलं असलं तरी त्याला अर्थ नाही. 65,525 पेक्षा कमी क्लस्टर असले की ते फॅट-16, आणि 2 जीबीवर 32 केबीने होतात जेमतेम 61,000. आता टूल आधी क्लस्टर मोजतं, मग आकार ठरवतं. 65,525 च्या अगदी काठावर थांबू नका, निदान 16 क्लस्टर लांब राहा, असंही तिथे लिहिलंय, कारण पुष्कळांचे कोड तिथे एक-दोनने चुकतात. मी तो सल्ला जसाच्या तसा पाळला.

वरच्या टोकाच्या चाचणीसाठी 2 टीबीचं कार्ड कुठून आणणार? ‘ट्रंकेट’ या कमांडने पोकळ फाइल बनवली. यादीत ती 2 टीबी दिसते, डिस्कवर जागा जवळपास शून्य. बरोबर 2 टीबी दिल्यावर सेक्टर होतात 4,29,49,67,296, आणि 32 बिटांच्या रकान्यात उतरतं शून्य. 3 टीबी दिले तर मुकाट्याने 1 टीबीची फाइलसिस्टिम तयार! मला सर्वांत जास्त खटकलं ते हेच. टूलने एक वेळ नाही म्हणावं, पण चुकीचं करून ‘पूर्ण’ म्हणू नये. आता मर्यादेच्या पलीकडचा आकार दिला की टूल थांबतं, किती सेक्टर आले आणि किती चालतात ते दोन्ही आकडे दाखवतं, आणि कार्डला हातही लावत नाही. काठाच्या आत एक सेक्टर असलेली फाइल बनवली, एफएससीके हे फाइलसिस्टिम तपासणारं टूल चालवलं, एकही तक्रार नाही.

शुक्रवारी नवं टूल लाइनवर लावलं. पॅकिंगच्या ताईंनी पहिलं कार्ड घातलं आणि लगेच हाक मारली, “सर, हे 59.6 दाखवतंय. बाकीचे चार कुठे गेले?”

डब्यावरचा जीबी हजाराच्या हिशेबाने आणि पीसीचा 1024 च्या, हे मी त्यांना पॅकिंगच्या पुठ्ठ्यावर मांडून दाखवलं. त्यांनी भागाकार स्वतः करून पाहिला, मान डोलावली आणि दुसरं कार्ड घातलं.