काथ्या कुजतो, मग तो मातीला का बांधायचा?

मुलुंड असो की मालाड, डोंगराला टेकलेल्या सोसायटीच्या मीटिंगला गेले की हा प्रश्न येतोच. मागच्या उतारावर काथ्याची जाळी अंथरू या, असं मी म्हणते आणि कुणीतरी विचारतं, "मॅडम, नारळाचा काथ्या तो, कुजून जाणार. त्यापेक्षा प्लास्टिकची जाळी घाला, नाहीतर सरळ सिमेंट मारा ना." प्रश्न रास्त आहे. पैसे त्यांचे, उताराखाली झोपायचंही त्यांनाच. म्हणून उत्तर नीट लिहून ठेवते.

काथ्या कुजतो, हे खरंच आहे. मातीतले जिवाणू आणि बुरशी तंतूतलं सेल्युलोज खातात. ओल, ऊब आणि हवा मिळाली की त्यांचं काम झपाट्याने चालतं, आणि मुंबईच्या पावसाळ्यात या तिन्ही गोष्टींना तोटा नाही. पण सगळे तंतू एकाच वेगाने जात नाहीत. फरक पडतो तो लिग्निनमुळे. हा कठीण पदार्थ सेल्युलोजला वेढून असतो आणि जिवाणूंना तो सहजी पचत नाही. तागात तो साधारण १२ टक्के, काथ्यात ४० टक्क्यांच्या आसपास. बांधकामावर नव्या कॉलमला पाणी धरून राहावं म्हणून गोणपाट गुंडाळतात, तो बघा. ओला-सुका होत थोडे महिने गेले की काळा पडतो आणि ओढला की हातात येतो. तो ताग. उघड्या उतारावर तागाची जाळी वर्ष-दीड वर्ष काम देते, काथ्याची दोन ते पाच वर्षं.

हे आकडे डोळ्यांनी बघून ठरत नाहीत. काथ्याचे नमुने मातीत पुरतात, ठरावीक काळाने एकेक काढतात, हलक्या हाताने धुऊन वाळवतात आणि यंत्रात तुटेपर्यंत ताणतात. यातली एक गोष्ट मला प्रत्येकाला दाखवावीशी वाटते. बाहेर काढलेली दोरी रंगाने जरा काळवंडलेली, पण पीळ शाबूत, जाडी तीच. बघणारा म्हणेल, काही झालेलं नाही. यंत्रात धरली की नव्या दोरीच्या निम्म्या ताणालाच तुटते. ताकद आधी जाते, रूप मागून. त्यामुळे "अजून दिसतेय की जाळी" या बोलण्यावर मी कधी विसंबत नाही.

आता मुख्य मुद्दा. उतारावर जाळीला काम किती दिवस आहे? मुरमाच्या उघड्या उतारावर पावसाचे थेंब आपटतात, माती सुटते, ओघळ पडतात आणि पुढच्या सरीला तेच ओघळ खोल होतात. जाळी थेंबांचा मार सोसते, पाण्याचा वेग मोडते, ओल धरून ठेवते आणि गवताचं बी वाहून जाऊ देत नाही. दोन पावसाळ्यांत गवताची मुळं घट्ट धरली की माती ती सांभाळतात. वाळा लावला तर त्याची मुळं तीन-तीन मीटर खाली जातात. तोवर कुजत आलेला काथ्या त्याच मुळांना खत होतो. प्लास्टिकची जाळी मात्र काम संपल्यावरही तिथेच राहते आणि तुकडे होऊन नाल्यात जाते.

हाच हिशेब दलदलीच्या जमिनीलाही लागतो. नवी मुंबई, उरणकडची खाडीची चिकणमाती पाण्याने फुगलेली असते. तिच्यात उभ्या पट्ट्या खुपसून वर भराव टाकला की पाणी पट्ट्यांतून बाहेर येतं आणि माती दबून घट्ट होते. या पट्ट्या सहसा प्लास्टिकच्या असतात, पण १९८०च्या दशकात सिंगापूरमध्ये तागाच्या वेष्टनात काथ्याच्या दोऱ्या घालून त्या बनवल्या गेल्या. पाणी काढायचं काम काही महिन्यांचं, आणि इतक्या खोल हवा नसल्यामुळे कुजणंही मंद. माती एकदा घट्ट झाली की पट्टीची गरज संपते. गावाकडच्या रस्त्यांखालीही काथ्या चालतो. २०२०मध्ये केंद्राने ग्रामसडक योजनेत त्याला परवानगी दिली, त्या सात राज्यांत महाराष्ट्र आहे.

पण जिथे ताकद कायमची हवी, तिथे मी काथ्याचं नाव काढू देत नाही. उंच भरावाच्या भिंतीमागे जन्मभर ताण सोसणारे थर घालायचे असतील तर तिथे त्याला जागा नाही. उतार खोलवरून सरकत असेल, वर जमिनीला भेगा पडत असतील, तर जाळीने काहीही थांबणार नाही; तिथे पाण्याचा निचरा, उतारात खोलवर बसवलेले लोखंडी सळयांचे खिळे आणि पाणी जायला भोकं ठेवलेली भिंतच हवी. सिमेंट किंवा चुना मिसळलेल्या मातीत काथ्या घालायचा असेल तर आणखी जपायला हवं, कारण सिमेंट-चुन्यातला क्षार तंतूच पोखरतो. काजूच्या टरफलाचं तेल लावून आयुष्य वाढवता येतं; कोकणात लाकडाला वाळवी लागू नये म्हणून ते लावतातच.

कुणी मला इराकमधल्या अकर कुफच्या मनोऱ्याचा दाखला देतं. कच्च्या विटांच्या थरांमध्ये बोरूच्या चटया, सुमारे ३,४०० वर्षांपूर्वीच्या, आणि त्या आजही दिसतात. दाखला खरा, पण ते कोरडं वाळवंट. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तिथलं आयुष्य इथे मोजू नका.

तेव्हा कंत्राटदार आला की "किती वर्षं टिकेल" एवढंच विचारून थांबू नका. जाळीचं वजन विचारा. चौरस मीटरला ४०० ग्रॅमपासून ९०० ग्रॅमपर्यंत मिळते आणि चढ जितका उभा तितकी जड हवी. वरचं टोक उताराच्या माथ्यावर चर खणून गाडणार का, तेही विचारा, नाहीतर पाणी जाळीखाली शिरतं. जाळी मातीला सगळीकडे चिकटून बसली पाहिजे, तंबूसारखी ताणलेली नको. आणि बी कोणतं, कधी पेरणार, पाऊस ओढला तर पाणी कोण घालणार, हे कागदावर लिहून घ्या. गवत धरलं नाही तर काथ्याची सगळी वर्षं फुकट जातात.