मावेल तेवढा

दिवाळी तोंडावर आली आणि जर्मनीहून भाचीचा फोन आला. "मावशी, शंकरपाळ्यांचं प्रमाण सांग ना. पण ग्रॅममध्ये हं, वाटीबिटी नको."

आमच्या घरात हे प्रमाण आजीपासून चालत आलंय. वाटीभर दूध, वाटीभर साखर, वाटीभर तूप आणि मावेल तेवढा मैदा. आता याचे ग्रॅम कुठून काढू? तरी हट्टाने वजनकाटा ओट्यावर घेतला आणि आजीची पितळी वाटी आधी पाण्याने भरून तोलली. पाणी भरलं दीडशे ग्रॅम, म्हणजे वाटी दीडशे मिलिलिटरची. इथवर सगळं सरळ होतं.

मग मैदा. चाळून अलगद पाडला तर 68 ग्रॅम. चमच्याने भरून सुरीने सपाट केला तर 76. आणि आजी भरायची तशी वाटीच डब्यात खुपसली तर 90! वाटी तीच, मैदा तोच. शीग ठेवून तोलायचं धाडसच केलं नाही. साखर मात्र कशीही भरा, सव्वाशेच्या आसपासच राहते. बिचारी साखर हवा खात नाही, पीठ खातं.

हे मला खरं तर लहानपणीच कळायला हवं होतं. दांडिया बाजारातल्या आमच्या घरून दळणाचा डबा घेऊन घंटीवर मीच जायचे. (बडोद्यात चक्कीला आम्ही मराठी माणसंही घंटीच म्हणतो.) घंटीवाले काका पट्ट्याच्या आवाजात ओरडून विचारायचे, "झीणो के करकरो?" म्हणजे बारीक की जाडसर? पोळ्यांना झीणो, भाखरीला करकरो. डबा पाऊणच भरून नेला तरी पीठ त्यात मावायचं नाही. गव्हाचे दाणे एकमेकांना चिकटून बसतात, दळल्यावर त्यांच्या पिठात हवा शिरते. काका डबा दोनदा फरशीवर आपटायचे, पीठ चार बोटं खाली जायचं, उरलेलं वर ओतायचे. घरी पोचेपर्यंत ते आणखी बसायचं आणि आजीचा संशय ठरलेला: "मेल्याने पीठ ठेवून घेतलं." वजन करून बघ म्हटलं तर म्हणायची, डोळ्यांना दिसतंय ना!

आजीचा तरी काय दोष? तिच्या काळी शेरसुद्धा दोन होते, मापी आणि वजनी. ऐंशी तोळ्यांचा पक्का शेर म्हणजे सुमारे 933 ग्रॅम. पण मापाच्या शेरात लाह्या भरल्या की मूठभर वजनाच्या आणि तांदूळ भरले की हात दुखेल एवढ्या वजनाचे.

आजीची वाटी चुकायची नाही, कारण सगळं त्याच वाटीने आणि त्याच हाताने भरलं जायचं. भाचीकडे ना ती वाटी, ना तो हात. शिवाय तिकडच्या मैद्याच्या पुड्यावर 405 असा आकडा. तिला वाटलं तो दर्जा. तो निघाला राखेचा हिशेब: पीठ जाळल्यावर किती राख उरते ते. आपला मैदा आणि तो, दोघे सारखंच दूध पितील याची खात्री कोण देणार?

शेवटी एक युक्ती केली. मैद्याची पिशवी आधी तोलली, नेहमीसारखे शंकरपाळे केले, पिशवी परत तोलली. 430 ग्रॅम गेले होते. दूध 150, साखर 125, तूप 135, मैदा 430, असं कळवून टाकलं. काय रुबाब वाटला म्हणून सांगू!

रविवारी पुन्हा फोन. "मावशी, बरोबर 430 घातला. गोळा हाताला चिकटतोय."

"मग अजून घाल."

"किती?"

"मावेल तेवढा."

पलीकडे क्षणभर काहीच ऐकू आलं नाही. मग काटा सुरू केल्याचा बारीक 'बीप' आवाज आला.