पैकीच्या पैकी

जानेवारीतला रविवार, दुपारचे साडेतीन, आणि घरात दिवे लागलेले. इंग्लंडातल्या डर्बीत हे चालायचंच. टेबलावर एक छोटी बाटली, बसक्या पोटाचा एक ग्लास आणि एक छापील कागद आहे. कागद भरून उद्या शेजारी परत द्यायचाय.

शेजारचे गृहस्थ निवृत्त आहेत आणि गॅरेजात बीअर बनवतात. वर्षातून एकदा बार्ली वाइन करतात आणि ती लगेच कुणाला देत नाहीत, लोणच्यासारखी मुरू देतात. ही २०२१ ची. “तुम्ही मसाले खाणारी माणसं, तुमची जीभ तयार असणार,” म्हणत त्यांनी बाटली हातात ठेवली. आमच्या जिभेबद्दलचा हा गैरसमज मी इथे आल्यापासून कधी दूर केलेला नाही. फायद्याचा आहे.

बाटली उघडणार तेवढ्यात आईचा फोन. काय करतोयस? म्हटलं, जरा बार्लीचं पितोय. “अगंबाई, एवढ्या थंडीत उन्हाळी लागली?” आमच्या घरात बार्ली ही फक्त त्याच कामाला डब्यातून बाहेर निघायची. मी म्हटलं, नाही गं, तब्येत बरी आहे. खोटं काहीच बोललो नाही.

नावात वाइन असली तरी हिचा द्राक्षाशी काडीचा संबंध नाही. ही एलच, म्हणजे बीअरचाच एक प्रकार, फक्त आठ ते बारा टक्के अल्कोहोलपर्यंत चढलेली. अमेरिकेत तर गिऱ्हाइकाचा घोटाळा नको म्हणून लेबलावर ‘बार्लीवाइन स्टाइल एल’ असं लांबण लावतात. हे नाव मिरवणाऱ्या पहिल्या बाटल्यांतली एक, बास कंपनीची नंबर वन एल, इथून दहा-बारा मैलांवरच्या बर्टनची. पण बर्टनचं नाव काढायची सोय नाही. काढलं की समोरचा मला ऐकवतो, तिथली पेल एल जहाजं भरभरून तुमच्याकडे जायची म्हणून. जात असेल. कऱ्हाडात कुणाला मिळाली?

करायची रीत मात्र मला चटकन समजली, कारण ती नारळाच्या दुधाची रीत आहे. मोड आणून वाळवलेला सातू, म्हणजे बार्लीच, आपला जव, भरडायचा, गरम पाण्यात भिजवायचा आणि पहिलं पाणी काढून घ्यायचं. ते सगळ्यात दाट, सगळ्यात गोड. त्याची ही. पूर्वी त्याच चोथ्यावर दुसरं पाणी घालून रोजची बीअर काढत, आणि तिसऱ्याची निघे ती इतकी पांचट की घरातली पोरंसोरंही पीत. पहिलं पाणी मग तासन् तास उकळत ठेवायचं, आटेपर्यंत, रंग काळपट होईपर्यंत.

ओतली. तांबूस-काळी, कडेला किंचित माणकासारखी, फेस बेताचा. कागदावर वासाला १२ गुण आहेत, रूपाला ३, चवीला २०, तोंडात कशी भरते त्याला ५ आणि एकूण परिणामाला १०. बेरीज ५०. अमेरिकेतल्या बीजेसीपी नावाच्या संस्थेने बीअरच्या परीक्षकांसाठी केलेला तक्ता. ती १९८५ पासून हेच करते आहे, माणसांना बीअर चाखायला शिकवून त्यांची परीक्षा घेते. नापास झालेल्यांचं काय होत असेल कोण जाणे. पुन्हा अभ्यासाला बसत असावेत.

ग्लासात नाक घातलं आणि काकवी आली.

खारीक, मनुका, जुन्या लाकडी कपाटाचा वास, हे सगळं मागून आलं. आधी काकवी. तीही बरणीतली नव्हे, काहिलीतली, गरम. मी सातवी-आठवीत असेन. बाबांच्या एका विद्यार्थ्याच्या घरचं गुऱ्हाळ होतं नदीकाठाला. रात्रीची वेळ, चुलाणात चिपाडं भडकलेली, मळी काढणारा घामाने निथळतोय, आणि गुळव्या मात्र एकाच जागी गप्प उभा. मधेच तो पाण्याच्या भांड्यात पाकाचे दोन थेंब टाकायचा, बोटांनी गोळी वळायचा आणि पुन्हा गप्प. एकदा त्याने गोळी वळली आणि नुसती मान हलवली. चार माणसांनी काहील उचलली. गूळ वाफ्यात ओतल्यावर बाबांनी विचारलं, “कसा काय झालाय?” तो म्हणाला, “बरा हाय.”

परतताना सायकलवर बाबा भलतेच खुश. “ऐकलंस? याला म्हणतात गुण देणं.”

बाबा शाळेत मराठी शिकवायचे. निबंधाला दहा गुण, आणि चौतीस वर्षांत त्यांनी कुणालाही सातच्या वर दिला नाही. पालक भांडायला घरी यायचे. एकदा एक बाई मुलीची वही घेऊन आल्या, वहीत एक काना-मात्रा चुकलेली नव्हती. “मग वरचे तीन कशाला ठेवलेत, सर?” बाबा म्हणाले, “उद्या ती याहून बरं लिहील. तेव्हा ते कुठे ठेवू?” बाईंना चहा देऊन वाटेला लावलं.

शाळेपुरतं असतं तर चाललं असतं. घरीही तेच. देवगडची पेटी आली, पहिल्या फोडीला सहा. आईच्या पुरणपोळीला साडेसहा, त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ती बोलली नव्हती. माझा इंजिनिअरिंगचा निकाल: “बरं झालं.” नातीचा जन्मानंतर तासाभरातला फोटो मोबाईलवर पाहिला आणि म्हणाले, “सात.” आई ओरडली, “अहो, पूर्ण द्या की आता तरी!” ते नुसते हसले. ताई आणि मी त्यांची नक्कल करत मोठे झालो, आणि आता माझी मुलगी माझी करते. मला पैकीच्या पैकी देता येत नाहीत. हॉटेलच्या बिलावर पाच चांदण्या असतात ना, त्यातली पाचवी माझ्याच्याने रंगवली जात नाही. हात जड होतो.

आता हेच बघा. रूप. माणकाची कड, स्वच्छ, दोष नाही. तीनपैकी दोन. तिसरा का कापला, सांगता येणार नाही.

गंमत अशी की ज्याला गुण द्यायला बसलोय तो दाणा मुळात मोजायच्याच कामाचा. आपल्या जुन्या मापात आठ यवांचं एक अंगुळ. इंग्रजांनी तीन जवांचा इंच केला आणि तो अजून सोडलेला नाही. इथे आठ नंबरच्या आणि नऊ नंबरच्या बुटात फरक असतो तो बरोबर एका जवाचा, म्हणजे इंचाच्या तिसऱ्या हिश्श्याचा. आजी माझा अंगठा उलटा करून सांध्यावरचं जवाचं चिन्ह दाखवायची आणि म्हणायची, याला खाण्यापिण्याला कमी पडणार नाही. प्यायचं हे तिच्या मनात नसावं.

आणि झेनोफन. हा ग्रीक सरदार इसवी सनापूर्वी ४०१-४०० च्या हिवाळ्यात, हरलेल्या मोहिमेवरून माघारी येताना, आर्मेनियातल्या खेड्यांत मुक्कामाला होता. तिथल्या सातूच्या दारूबद्दल त्याने लिहून ठेवलंय: वर दाणे तरंगतात, बोरूच्या नळीने ओढून प्यावी लागते, पाणी न घालता फार कडक, सवय झाली की छान लागते. एवढंच. बाबांनी त्याला नक्की सात दिले असते.

घोट घेतला. आधी गोड, अगदी चिक्कीच्या गुळासारखी, वाटलं आता मिठ्ठ होणार, तेवढ्यात मागून हॉप्सच्या फुलांचा कडूपणा येऊन तिला सावरतो. घशात ऊब. घाईने प्यायची वस्तू नाही, आणि थंडगार तर मुळीच नाही. बारा-तेरा अंश लागतात म्हणे. आमच्या स्वयंपाकघरात जानेवारीत तेवढेच असतात. वासाला ९, चवीला १५, भरीवपणाला ४. रूपाचे दोन धरून बेरीज ३०. उरला शेवटचा रकाना, दहापैकी.

तक्त्याच्या तळाशी बारीक अक्षरात पायऱ्या छापल्यात. ३० ते ३७ फार छान. ३८ पासून उत्कृष्ट. म्हणजे मी सात दिले तर शेजारी एका गुणाने हुकणार.

तीन वर्षांपूर्वी बाबा पुण्यात हॉस्पिटलमध्ये होते. दुखणं मणक्यापर्यंत गेलेलं. रात्री ताईचा फोन आला. डॉक्टरांनी त्यांना विचारलं होतं, आजोबा, शून्य ते दहामध्ये सांगा, किती दुखतंय? बाबांनी डोळे मिटले, वही तपासताना मिटायचे तसे, आणि म्हणाले, सात.

“सात ना? मग अजून बरं आहे,” मी इथून म्हणालो. “दहा तर नाही.” ताई पण हो म्हणाली. आम्ही दोघंही झोपलो.

चौथ्या दिवशी, विमानात, लक्षात आलं.

बाटलीत दोन घोट उरलेत. बाहेर पूर्ण अंधार झालाय. शेवटच्या रकान्यात सात लिहिलेत. ३७. उद्या कागद देताना शेजाऱ्यांना सांगावं लागेल, सात म्हणजे किती ते.