पहिल्या गाडीच्या गावाहून पहिल्या गाडीच्या गावी

ठाण्यात वाढलेल्या मुलांना 16 एप्रिल 1853 ही तारीख पाढ्यांच्या आधी पाठ होते. त्या दिवशी दुपारी बोरीबंदरहून निघालेली देशातील पहिली प्रवासी गाडी चौदा डबे आणि सुमारे चारशे पाहुणे घेऊन, साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांच्या जोरावर 34 किलोमीटर अंतर कापून आमच्या गावात येऊन थांबली. नौपाड्यातील आमच्या घरात ही हकिकत बाबा अशा थाटात सांगतात, की फलाटावर हार घेऊन उभ्या असलेल्यांत आमच्याच घरातील कोणीतरी असावे. अठ्ठावीस वर्षे सकाळची तीच लोकल पकडणाऱ्या माणसाला एवढा अभिमान परवडतो.

वाहतूक अभियांत्रिकीच्या एका सेमिस्टरसाठी जर्मनीतील ड्रेस्डेनला जायचे ठरले, तेव्हा खोलीची किल्ली 1 ऑक्टोबरला मिळणार होती आणि विमानाचे परवडणारे तिकीट मात्र 19 सप्टेंबरचे होते. मधल्या दिवसांचे काय करायचे, यावर अनंत चतुर्दशी झाल्यापासून घरी रोज खल चालू होता. मुलुंडच्या आत्याने पॅरिस सुचवले, शेजारच्या काकूंनी स्वित्झर्लंड, आणि दोघींच्याही मते ते ‘तिथून अगदी जवळच’ होते. व्हिसाची अडचण नव्हती. जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसावर शेंगेन, म्हणजे सामाईक व्हिसाच्या युरोपीय देशांत मर्यादित दिवस फिरता येते. अडचण पैशांची होती. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये जी रक्कम ठेवावी लागते, तिच्यातून दरमहा 992 युरो मिळतात, परंतु ते तिथे पोहोचून स्थानिक बँकेत खाते उघडल्यानंतर. तोपर्यंतचा सगळा खर्च फॉरेक्स कार्डावरच्या शिलकीत बसवणे भाग होते.

म्हणून मी 58 युरोंचे डॉइचलँडटिकीट काढले. हा मासिक पास 1 मे 2023 पासून सुरू झाला, तेव्हा तो 49 युरोंना मिळत असे. देशभरातील शहरी आणि प्रादेशिक गाड्यांत तो चालतो, मात्र आयसीईसारख्या जलद गाड्यांत चालत नाही, आणि त्याचा महिना कॅलेंडरप्रमाणे मोजला जात असल्यामुळे सप्टेंबरचे उरलेले बारा दिवसच माझ्या वाट्याला आले. आमच्या भाषेत सांगायचे तर मला फास्टचा पास मिळालाच नाही. संपूर्ण जर्मनी स्लो लोकलने पाहायची होती. मी नकाशा पुढ्यात घेऊन बसले असता बाबांनी एकच प्रश्न विचारला, “त्यांची पहिली गाडी कुठून कुठे गेली होती?” पॅरिसचा विषय तिथेच संपला.

जर्मनीतील पहिली वाफेची रेल्वे 7 डिसेंबर 1835 रोजी न्यूर्नबर्ग ते फ्युर्थ अशी धावली. अंतर अवघे सहा किलोमीटर, म्हणजे ठाण्याहून निघून भांडुप ओलांडेपर्यंत संपणारे. फ्रँकफर्टला उतरून, गाड्या बदलत, तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा ओढत मी न्यूर्नबर्गला पोहोचले. त्या बॅगांत भाजणी, मेतकूट, गोडा मसाला आणि तीन लिटरचा कुकर होता. कुकर आईने आत मोजे कोंबून भरला होता, कारण रिकामी जागा तिला सहन होत नाही.

न्यूर्नबर्गचा किल्ला पाहिला, तटबंदीवरून फिरले. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी सलग दोन दिवस गेले ते रेल्वेच्या संग्रहालयात. ‘आडलर’ म्हणजे गरुड या नावाचे ते पहिले इंजिन इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या कारखान्यात तयार झाले, पेट्यांतून सुट्या भागांच्या रूपाने न्यूर्नबर्गला आले आणि तिथे जोडले गेले. ते चालवायला विल्यम विल्सन हा इंग्रज चालकही सोबत आला, तो पुढे परत गेलाच नाही आणि न्यूर्नबर्गच्याच मातीत विसावला. आपली साहिब-सिंध-सुलतान मंडळीही इंग्लंडच्याच व्हल्कन फाउंड्रीतली. ज्या देशाच्या यंत्रविद्येचा आज जगभर दबदबा आहे, त्याला आपले पहिले इंजिन आणि त्याचा चालक दोन्ही बाहेरून मागवावे लागले, हे त्या काचेसमोर उभे राहून वाचताना मला, खोटे कशाला बोला, थोडे बरे वाटले.

मूळ आडलर एकोणिसाव्या शतकातच मोडीत निघाले. शताब्दीसाठी 1935 मध्ये त्याची प्रतिकृती बांधली गेली, ती 2005 च्या आगीत जळाली आणि पुन्हा दुरुस्त झाली. त्या काळातला एक डबा मात्र अस्सल आहे. घोडागाडीच्या पेट्या एकीला एक चिकटवून चाकांवर ठेवाव्यात, तसा तो दिसतो. प्रत्येक पेटीला स्वतंत्र दार आहे आणि एका पेटीतून दुसरीत जाण्याची सोय नाही. घोड्यांशी असलेले हे नाते केवळ दिसण्यापुरते नव्हते. कोळसा महाग पडत असल्यामुळे सुरुवातीची कित्येक वर्षे या मार्गावरच्या बहुतेक फेऱ्या घोडेच ओढत असत. ठाण्यात आम्हाला शाळेत सांगितलेल्या गोष्टीत इंजिनाची शिट्टी वाजली की घोडे इतिहासजमा होतात. इथे मात्र एकाच रुळावर सकाळी घोडा आणि दुपारी इंजिन, असे खुशाल चालले होते.

तो लोहमार्ग 1922 मध्ये बंद झाला. आज साधारण त्याच वाटेने यू-1 ही मेट्रो जाते. मी न्यूर्नबर्गच्या प्लेरर स्थानकात चढले. फाटक नाही, सरकते अडथळे नाहीत; तिकीट तपासनीस आला आणि तिकीट नसेल, तर 60 युरो दंड. सुरुवातीला भुयारातून धावणारी गाडी पुढे वर येते, मुग्गेनहोफला पुलावर चढते आणि खाली फ्युर्थकडे जाणारा सरळ रस्ता दिसू लागतो. पुढच्या स्थानकाचे नाव श्टाटग्रेंझे, म्हणजे ‘शहराची हद्द’. मला हसू आले. मुलुंड चेकनाका म्हणतात तो हाच! दोन शहरे एकमेकांना इतकी चिकटलेली, की हद्द कळावी म्हणून स्थानकालाच ते नाव द्यावे लागले. फ्युर्थला उतरून मी बाबांना फलाटाचे छायाचित्र पाठवले. उत्तर आले, “गर्दी कुठे आहे?”

न्यूर्नबर्गहून लाइपझिगला जाताना मात्र फजिती झाली, आणि ती सर्वस्वी माझीच. इथे काही प्रादेशिक गाड्या वाटेतल्या एखाद्या जंक्शनवर दोन भागांत विभागल्या जातात आणि दोन भाग दोन दिशांना निघून जातात. कल्याणला कर्जतची आणि कसाऱ्याची वाट वेगळी होते हे मला पुरते ठाऊक होते, परंतु पुढचे सहा डबे कर्जतला आणि मागचे सहा कसाऱ्याला, असे एकाच गाडीचे होईल हे डोक्यात आले नव्हते. प्रत्येक डब्याच्या दारापाशी त्याचे गंतव्यस्थान लिहिलेले असते. मी मात्र ठाण्याच्या सवयीने, समोर जो डबा आला त्यात बॅगांसह शिरले. घोषणा झाली, तिच्यातला ‘त्सूगटाइल’ हा शब्द ऐकूही आला, पण ‘गाडीचा भाग’ हा त्याचा अर्थ कळेपर्यंत माझा भाग निघाला होता. एका चिमुकल्या स्थानकावर उतरून परतीच्या गाडीसाठी पाऊण तास बसले. तिथे बाकावर मी आणि कुकर, दोघेच होतो.

लाइपझिगचे स्थानक पाहून तो शीण उतरला. 1915 मध्ये पूर्ण झालेल्या या इमारतीला दोन सारखी प्रवेशदालने आहेत, कारण अर्धे स्थानक प्रशियाच्या रेल्वेचे होते आणि अर्धे सॅक्सनीच्या. पश्चिमेकडचे फलाट प्रशियाचे, पूर्वेकडचे सॅक्सनीचे, आणि दोघांचेही जिने, प्रतीक्षालये, कारभार स्वतंत्र. दादरला मध्य आणि पश्चिम रेल्वेचे फलाट क्रमांक दोन्हीकडे एकपासूनच सुरू होत असल्यामुळे 2023 पर्यंत नवख्या माणसाचे जे हाल होत, ते आठवले. फरक इतकाच, की इथल्या दोन मालकांनी निदान क्रमांक तरी सलग दिले होते.

शेवटचा टप्पा लाइपझिग ते ड्रेस्डेन. 1839 मध्ये पूर्ण झालेला हा जर्मनीतील पहिला लांब पल्ल्याचा लोहमार्ग. त्याचा पाठपुरावा करणारा अर्थशास्त्रज्ञ फ्रीडरिश लिस्ट याने 1833 मध्येच संपूर्ण जर्मनीच्या रेल्वेजाळ्याचा आराखडा मांडला होता, आणि ड्रेस्डेनच्या तांत्रिक विद्यापीठातील वाहतूकशास्त्राच्या विद्याशाखेला त्याचेच नाव आहे. या मार्गावर ओबराउ येथे सुमारे अर्धा किलोमीटर लांबीचा बोगदा होता, जर्मन रेल्वेच्या अगदी सुरुवातीच्या बोगद्यांपैकी एक. ठाण्याजवळच्या पारसिकच्या बोगद्यात शिरताना लहानपणी ओरडणाऱ्या मुलीने तो चुकवणे शक्य नव्हते. मी खिडकीशी बसले, बाबांना व्हिडिओ कॉल लावला आणि फोन काचेला टेकवून धरला. दोन्ही बाजूंना झाडीने भरलेले उतार आले, गाडी एका खोल चरातून गेली आणि पुन्हा शेते सुरू झाली.

“बोगदा कधी येणार?” बाबांनी विचारले.

“गेला,” मी म्हणाले. “1933-34 मध्ये वरची सगळी माती उपसून त्यांनी तो उघडा केला. आता नुसती खिंड उरली आहे.”

बाबा क्षणभर गप्प राहिले. त्यांच्या मागून ठाणे स्थानकातली घोषणा ऐकू येत होती, कल्याणकडे जाणारी धीमी लोकल थोड्याच वेळात फलाट क्रमांक दोनवर.

“म्हणजे नसलेला बोगदा दाखवायला तू मला फलाटावर उभे केलेस,” ते म्हणाले. “थांब आता, फोन ठेवू नकोस. माझी गाडी आली.”