गोराईचे दोन गुंठे: कुंपणरांगांचं दुसरं वर्ष

मागच्या वेळी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की पिकाच्या मधोमध गिरिपुष्पाच्या, म्हणजे पाल्याचं खत देणाऱ्या झाडाच्या, तीन रांगा लावल्यात, आता युरियाची गोणी विसरा. तर या रविवारी मधली रांग उपटली. का, ते सांगतो.

आधी बरी बातमी. तीन रांगा, प्रत्येकी 12 मीटर, दोन झाडांत अर्धा मीटर. ऑगस्टमध्ये गुडघ्याइतक्या उंचीवर छाटल्या आणि पाला ताणकाट्यावर तोलला: 14, 13 आणि 9 किलो. चारसूत्री म्हणजे चार नियमांच्या भातलागवडीत गुंठ्याला 30 किलो गिरिपुष्पाचा पाला सांगतात, त्या हिशेबानं एका छाटणीत गुंठाभराचं भागलं. अर्धा पाला वाफ्यावर नुसता पसरला, अर्धा मातीत दाबला. दाबलेला तीन आठवड्यांत दिसेनासा झाला, फक्त देठ उरले. वरचा मात्र वाळून चुरमुऱ्यासारखा झाला. असा उघड्यावर वाळताना त्यातलं थोडं नत्र हवेतच जातं, म्हणून यापुढे सगळा दाबणार.

आता वांग्यांचं. दोन रांगांत दोन मीटरचं अंतर ठेवलं होतं, त्यात वांग्यांच्या तीन ओळी. मधली ओळ कमरेला लागली, कडेच्या गुडघ्यावर अडकल्या. पाणी तेच, पाला तोच. सावली म्हणावी तर रांगा पूर्व-पश्चिम आहेत आणि छाटलेल्या. जमीन ज्यांची आहे त्या काकी बांधावरून रोज विचारायच्या, "काय रे, भाजी लावलीस का जळण?" मी हसण्यावारी न्यायचो.

शेवटी कुदळ घेतली. पहिल्या दोन रांगा फांद्या खोचून केलेल्या, तिसरी बियांची. खोचलेल्या झाडाला खाली जाणारं सोटमूळ नाहीच. बोटभर जाडीची मुळं वीतभर खोलीवरून आडवी निघून थेट वांग्याच्या बुडाशी गेलेली. बियांच्या झाडाचं सोटमूळ सरळ खाली गेलं होतं. हातभर खणलं तरी शेंडा सापडला नाही, दगड लागला म्हणून थांबलो. आणि तिसऱ्या रांगेकडची वांगी त्यातल्या त्यात बरी होती, हे तेव्हा डोक्यात आलं. त्या मुळांवरची एक गाठ नखानं फोडली, आत गुलाबी. म्हणजे हवेतलं नत्र धरायचं काम चालू आहे.

बियांची रांग नशिबानंच लागली होती. मार्चमध्ये बोरिवलीत रस्त्याकडेची निष्पर्ण गिरिपुष्पं गुलाबी होतात, सगळे फोटो काढतात. मी एप्रिलमध्ये त्यांच्याखाली पिशवी घेऊन फिरलो. शेंगा घरी पेपरवर वाळत घातल्या, तर दुपारी ऊन तापल्यावर फट् फट् फुटायला लागल्या आणि बिया फ्रिजमागे. बायकोनं आठवडाभर ऐकवलं. रात्रभर पाण्यात भिजवून पेरल्या, बहुतेक उगवल्या.

खरं तर पिकात झाडांच्या रांगा लावायच्या या पद्धतीचा बोभाटा झाला तो नायजेरियातल्या इबादानच्या संशोधन केंद्रातून, 1970च्या दशकात. तिथेही रांगांत 4 मीटर वगैरे अंतर असायचं. मी दोन गुंठ्यांत हाव केली. म्हणून मधली रांग काढली, आता पट्टा 4 मीटरचा झाला. उपटलेल्या दांड्या फेकल्या नाहीत, कुंपणाच्या कडेला खोचल्या. तिथे मुळं कितीही आडवी धावोत. पहिली रांगही खोचलेल्या फांद्यांचीच आहे, पण ती तूर्त राहू दे. तिच्या कडेनं फूटभर खोल चर खणून मुळं तोडली. दर छाटणीला पुन्हा तोडायची.

शेवरीबद्दल, म्हणजे पाल्याच्या खताच्या दुसऱ्या झाडाबद्दल, काहींनी विचारलं होतं. लावली होती, जेट्टीकडच्या शेळ्यांनी एका दुपारी बुडापर्यंत खाल्ली. गिरिपुष्पाचा मात्र त्यांनी वास घेतला आणि निघून गेल्या.

पुढच्या रविवारी पट्ट्यात मुळा आणि लाल माठ. कडेला अर्धा मीटर मोकळा सोडणार. काकींना अजून सांगितलेलं नाही, मधली रांग गेलेली त्यांनी स्वतःच बघू दे.